अकरा मिनिटांचा कॉम्प्युटर

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, पण मनातून पूर्ण आडवा). तुमचं पत्र येऊन सव्वा महिना झाला. उत्तराला उशीर झाला तो निव्वळ आळसामुळे. दुसरं एखादं कारण रचायला घेतलं होतं, पण तेही आळसामुळे अर्धवट राहिलं. तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला अजून जिने चढू देत नाहीत ना? देऊच नयेत. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

ताईच्या घरी माझं बरं चाललंय. मागे तुम्ही आला होता त्या रविवारी आपण तिचा नवा कॉम्प्युटर जोडला, आठवतं? मी स्क्रू पिळत होतो आणि तुम्ही टॉर्च धरून "हळू रे, हळू" म्हणत होता. तुम्ही गेलात आणि घरात हळू म्हणणारं कोणी उरलं नाही. प्रोसेसरचा वेग कारखान्यात ठरवून देतात, पण सेटिंगमध्ये शिरून तो वाढवता येतो, मेमरीचाही येतो, असं मी एका व्हिडिओत पाहिलं. एकेक आकडा थोडा थोडा वाढवायचा आणि दर वेळी तासन्‌तास चाचणी घ्यायची, असंही त्यात पुढे होतं म्हणे. मी तिथवर पोचलो नाही (मध्येच नांगर कसा टाकावा हे दाखवणाऱ्या एका बोटवाल्याचा व्हिडिओ लागला, मामा, मला बोटीवर काम मिळेल का, याचा विचार चालू आहे). तर मी दोन्ही आकडे एकाच बैठकीत वाढवले.

अकरा मिनिटं कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळाला. बाराव्या मिनिटाला बंद. पुन्हा लावला, पुन्हा अकरा मिनिटं. ताईला गुरुवारी सकाळी एका शाळेच्या इमारतीचे नकाशे द्यायचे होते. नकाशे चुकले की शाळेचं काम गेलं आणि काम गेलं की तूही जाणार, हे तिने मला आवाज न चढवता सांगितलं. (ती ओरडते तेव्हा मी निर्धास्त असतो.) मग स्वयंपाकघरातला टायमर शेजारी ठेवून तिने दहा-दहा मिनिटांत काम सुरू केलं. एक जिना तीन हप्त्यांत पुरा झाला.

मी आकडे पार मूळ जागी आणले, तरी तापमान नव्वदच्या वरच. म्हणजे दोष हवेचा. टेबलफॅन लावून पाहिला, कॉम्प्युटर खिडकीत ठेवून पाहिला, शेवटी फरशी गार म्हणून न्हाणीघरात नेला. दोन दिवस भावजी ओट्यापाशी दात घासत होते. "साहेबांची आंघोळ झाली का," एवढंच विचारायचे.

बुधवारी दुपारी तेच म्हणाले, अरे, एकदा उघडून तर बघ. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा कूलर त्याच्या डोक्यावर बसतो, तो काढला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत: बसवण्याआधी काढावे. म्हणजे बिचारा प्रोसेसर पहिल्या दिवसापासून रेनकोट घालून पळत होता. प्लास्टिक सोललं, कूलरखाली उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, तापमान थेट पन्नासवर. संध्याकाळी सातला ताईचा शेवटचा मजला पुरा झाला, नकाशे वेळेत गेले, शाळा तिच्याकडेच राहिली आणि टायमर पुन्हा कुकरशेजारी गेला. मीही शहाणा झालो. आता आकड्यांना हात लावणार नाही.

तुमचा भाचा

ता. क. थोडासा लावला. एवढा गार झालाय, तर वाया का घालवायचा.

ता. क. दुसरा. मूळ मुद्दा राहिलाच. प्लास्टिक कोणी ठेवलं, असं ताईने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून "मामांनी" निघून गेलं. म्हटलं, कूलर त्यांनी बसवला, मी नुसता टॉर्च धरला होता. ती चिडली वगैरे नाही, मामांशी बोलायचंय एवढंच म्हणाली (आवाज न चढवता). तेव्हा तिने विचारलंच तर हो म्हणा. आणि महिनाभर तरी गुडघा जपा, इकडे तीन जिने आहेत.

ता. क. तिसरा. बेल वाजली. दारात तुम्ही. गुडघा बरा दिसतोय. ताई म्हणतेय, "बसा मामा, तुमचीच वाट बघत होते." हे पत्र घडी करून ट्रेमध्ये तुमच्या ग्लासाखाली ठेवतोय. पाणी नंतर प्या.