पाठ लागली नाही

माय,

आज सकाळी तुह्या नातवानं माह्या नातीले सगळ्या लेकराइपुढं झापलं, अन् मी पदराआड हासून राह्यली होती. "हात खाली कायले सोडले? तोंड काय वर्गणीतून आनलं व्हय तुनं?" असं म्हणे. पोरगी बापाले म्हणते, "सर, खांदे दुखून राह्यले." घरात पप्पा अन् गोडाऊनात सर, असा त्याचा कायदा हाय. मी तिथी चहाची किटली घेऊन गेली होती. म्हणजे चहा एक निमित्त. रोज जाते मी. पाहाले कोणाचं काय लागते?

पण तुले पहिल्यापासून सांगा लागन. तू गेली तवा हा रांगत होता. नाव ठेवलं त्या दिवशी तू त्याच्यासाठी अंदाजानं चांदीचा करदोडा करून आणला, अन् तो त्याच्या कमरेले पुरलाच नाही. तू सोनाराच्या सात पिढ्या काढल्या. सोनाराचं काय चुकलं होतं बिचाऱ्याचं? लेकरूच तसं होतं. तुह्यावर गेलं होतं. तू चुलीपुढं बसली की चूल दिसत नव्हती, अन् तुही भाकर दुरडीत मावत नव्हती. केनवडच्या बाजारात माणसं वळून पाह्यची तुह्याकडं. मीबी तशीच वाढली, अन् मले लाज वाटे, म्हणून मी पोक काढून चालत होती. एकडाव बाजारातून येताना तू माह्या पाठीत असा धपाटा घातला का डोक्यावरच्या टोपलीतले वांगे रस्त्यावर पडले. "वाकून काहून चालतं वं? आभाय पडून राह्यलं काय तुह्यावर? देलं हाय तं दिसू दे!" ते वांगे वेचताना मी रडत होती. आज कोणाले सांगताना हासू येते.

तं तुहा नातू बॉक्सर झाला, माय. हाताले गाद्या बांधून ठोसे मारतात तो खेळ. अन् त्यातबी सगळ्यात जड गटातला, हेवीवेट म्हणतात त्याले. या खेळात बाकीच्या पोराइले वजन कमी कराव लागते. काट्यावर उभं राहाच्या आधी बिचारे पाणीबी पीत नाहीत, थुकत बसतात. पण सगळ्यात वरच्या गटाले वरून हद्दच नाही. खा किती खाचं ते! लहानपणापासून ज्याले सगळे "अबे, पुरे कर" म्हणत आले, त्याले जगात एक जागा अशी भेटली जिथी कोणी ताटातली भाकर मोजत नाही. मले तं तो खेळ तिथूनच आवडला.

झालं असं का तो वाशीमले पोलिसाच्या भरतीले गेला. धावण्यात शेवटून पहिला. पण गोळा फेकला तं असा गेला का मोजणाऱ्याले टेप घेऊन पळा लागलं. भरतीत काही लागला नाही. पण पाहाले आलेल्या अकोल्याच्या बॉक्सिंगच्या एका सरनं त्याले बाजूले घेतलं, त्याचा हात आपल्या हातात धरून उलटापालटा करून पाह्यला, बैलाचे दात पाहतात तसा, अन् म्हणाले, "माझ्याकडे ये." घरी येऊन हा म्हणते, "माय, मी मार खाले चाललो." म्या म्हणलं, "मारून ये."

मग अकोला, मग मुंबई, मग दिल्ली. पहिले बनेन घालून मेडलासाठी खेळे, अन् मग पोटासाठी खेळाले लागला, उघड्या अंगानं, मोठे मोठे दिवे लावलेल्या जागी. दुबईले गेला, थायलंडले गेला. नाक दोन जागी मोडलं. तुहं नाक होतं ते, सरळ, मले लय वाईट वाटलं. पण तो फोनवर म्हणे, "माय, नाक गेलं, श्वास राह्यला." एकडाव तं त्यानं पट्टा जितला. हा एवढा, सोनेरी, मधात ताटाएवढी चकती. घरी आणला तवा पोळ्याचा सण होता. तो आंघोळीले गेला अन् त्याच्या बापानं तो पट्टा उचलून बैलाच्या कपाळाले बांधला, मटाटी म्हणून! सारा गाव पाहे. हा ओल्या अंगानं पळत आला, "बाबा, पट्टा माहा हाय!" त्याचा बाप म्हणते, "तुले काय एकट्यानं मोठा केला काय? यानंबी केला." मग पोळा फुटेपर्यंत पट्टा बैलाच्याच डोक्यावर राह्यला. फोटो हाय.

आता खरी गोष्ट सांगते. वय वाढलं, माय. पाय पहिल्यासारखे हलत नव्हते, डाव्या डोळ्याले अंधुक दिसाले लागलं. डॉक्टरनं सांगतलं का ही शेवटची, पण तो म्हणे, जितलो तं अजून खेळीन. शेवटची लढत मुंबईले झाली, एका जवान पोराबरोबर. आम्ही सगळे विहारापुढच्या ओट्यावर मोबाईलभोवती बसलो होतो. तुहा मोठा लेक, माहा दादा, मधात. तू त्याच्या कुस्त्या पाह्यल्या, तुले माहीत हाय तो कसा हाय. आता कान पुरे वाळल्या भज्यासारखे झाले, पण डोळे चांगले हायेत. तुहा नातू मार खात होता अन् देत होता. एकडाव गुडघा वाकला, मले वाटलं पडला. पडला नाही. घंटा झाली तवा दोघंबी उभे. मग पंचानं दोघाइचा एकेक हात धरला, अन् त्या पोराचा वर केला.

रात्री त्याचा फोन आला. "माय, मी हारलो. एक दिवसासाठी येतो, कपडे घेतो, अन् पुण्याले जातो. तिथी एका बिल्डरच्या दारावर उभं राहाचं काम भेटून राह्यलं. गावात मले राहवणार नाही. कोणत्या तोंडानं फिरू?" त्याच्यासारख्या माणसानं कोणाच्या दारावर उभं राहाव? पण त्याले समजवाले शब्द लागतात अन् ते मले येत नाहीत. दादा ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. उठला अन् गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वाशीम टेशनावर उतरला, तोंडाले रुमाल बांधून, चोरासारखा. अन् समोर अख्खं रिठद, आपलं गाव, उभं! जयंतीले वाजवतात ते ढोल, ताशे, गुलाल, ट्रॅक्टर. मी दादाच्या मागं उभी होती. तो घाबरून म्हणते, "मामा, हे काय करून राह्यले तुमी? मी हारलो!"

दादा म्हणे, "पाठ मातीले लागली काय तुही?"

"नाही. पन इथं पाठीचं नसते मामा. पॉइंट असतात."

"कोन मोजतात?"

"तीन पंच. बाजूले बसले असतात."

"म्हंजे ते बसले होते अन् तू उभा होता?" दादानं सगळ्याइकडं पाह्यलं. "उभ्या मानसाचं बसलेल्यानं ठरवाव काय बे? आपल्या जत्रंत पाठ लागल्याबिगर कोनी हारलं हाय काय आजलोक? तुही कुस्ती बरोबरीत सुटली. वाजवा रे!"

अन् वाजवलं, माय! हा ओरडून ओरडून सांगे, "अहो, मी खरंच हारलो," अन् ढोलापुढं कोणी ऐके ना. मग रिवाजाप्रमाणं पैलवानाले खांद्यावर घ्याले चार जण पुढं आले. उचललं. म्हणजे उचलाले गेले. एकाची कंबर तिथीच धरली. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा केला. वाशीमच्या बाजारातून निघालो तवा पहिल्यांदा तो रडत होता, मग हासाले लागला, अन् मग रुमाल सोडून त्यानं गुलाल पुसून घेतला तोंडावरचा. तो डोळा सुजलेला, नाक मोडकं, अन् ताठ उभा. मी रस्त्यानं ओरडत होती, "माहा हाय, माहा!" जसं काही लोकाइले माहीत नव्हतं.

संध्याकाळी दादा घरी आला, पाय न धुताच बसला अन् म्हणे, "पुन्याले कोनाचं दार राखतं? पंचायतीचं जुनं गोडाऊन रिकामं हाय. सगळे राऊंड उभं कसं राहाचं ते या पोट्ट्याइले शिकव."

"मामा, ठोसे शिकवतात. उभं राहनं काय शिकवाचं?"

"मग मले उठून दाखव बरं, मी खाली दाबतो," म्हणत दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सत्तरीचा म्हातारा अन् हेवीवेट, घरात अशी झोंबाझोंबी केली का माही पाण्याची घागर कलंडली. पुण्याची बॅग खाटेखालीच राह्यली.

आता गोडाऊनात पोत्यात तुरीचं कुटार, भुसकट भरून टांगलं हाय, लेकरं त्याले ठोकतात. सारी पोरं-पोरी घरी जातात तवा नाकात कुटार गेलेलं, शिंकत. थंडीत त्याचे हात दुखतात, मी तेल चोळून देते. डाव्या बाजूनं कोणी आलं तं त्याले कळत नाही, म्हणून पोरं हळूच डावीकडूनच येतात, हरामखोर. तो वाकून उभं राहाले शिकवते, हनुवटी छातीले लावून, ते मले बिलकुल पटत नाही. तू असती तं धपाटा घातला असता. पण माही नात तालुक्याले जितून आली, माय. तिचे पंजे पाह्यले काय तू? तुहे हायेत, तसेच्या तसे. अन् ती पोक काढून चालत नाही.

हे मी तिच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून राह्यली. शाळा तिसरीत सुटली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पाठवाचं कुठी? अन् तुले वाचता कुठी येत होतं? कोणाकडून तरी वाचून घ्या लागलं असतं, अन् घरात मोठ्यानं नीट वाचते तो तुहा नातू एकटाच. त्याच्या हाती हे पडू द्याचं नाही. पान फाडून घेते आता.

कारण एक गोष्ट कोणालेच सांगतली नाही मी. ओट्यावर त्या रात्री सगळे हळहळले, बायांनी हात कपाळाले लावले, दादाचं तोंड काळं पडलं. अन् त्या दुसऱ्या पोराचा हात वर गेला तवा, माय, मले मनातून बरं वाटलं. म्या म्हणलं, चला, आता तं पोरगा घरी येईन.