शिकवणाऱ्या बाईला झोप लागली त्याची हकीगत

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. (खरंच वाकले तर काखेखालची कातडी ओढते, तेव्हा हा कागदावरचाच मानून घे.) कमरेचं ऑपरेशन ताजं असताना तू काठी न घेता बागेत जातेस, असं भाचीकडून कळलं. जाऊ नकोस. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण बोलायला लागले की मला कोरडा खोकला येतो, मी खोकले की तू गप्प होतेस, आणि तू गप्प झालीस की मला पुढचं सुचत नाही. म्हणून पत्र.

छातीचं रेडिएशन एकदाचं संपलं. देताना काहीच कळत नाही, जे कळायचं ते नंतर सावकाश कळतं, उशिरा पोचणाऱ्या पाहुण्यांसारखं, एकेक करून आणि सामानासकट. डावी बाजू आधी गुलाबी झाली, मग लाल, मग करपलेल्या तव्यासारखी काळपट, आणि घडीच्या जागी सोललीही. साबण नाही, पावडर नाही, आत घट्ट काही घालायचं नाही. ह्यांचे जुने ढगळ सुती शर्ट घालून हिंडते. (हे अजून ते शर्ट कपाटात शोधतात. समोर मी उभी असते.) गिळताना घास मध्येच बसकण मारतो, म्हणून हे सगळं मिक्सरमधून काढून देतात. काल विचारलं, चव कशी झालीय? मी म्हटलं, रंग छान आलाय.

पण खरा त्रास थकव्याचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थकवा येईल, हळूहळू जाईल. थकवा हा फार सभ्य शब्द झाला. दात घासले की बसावं लागतं, आणि बसलं की आडवं व्हावंसं वाटतं. तरी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये परत रुजू झाले, कारण घरात बसून ह्यांचं तोंड किती वेळ बघणार (आणि ह्यांनी माझं). तिथे सीटबेल्ट आडवा आला. शिकवणाऱ्याच्या बाजूचा पट्टा नेमका डाव्या खांद्यावरून उतरतो. त्याच्याखाली मऊ पंचा घडी करून ठेवते, त्यामुळे शिकाऊ मंडळींना वाटतं बाई जेवायला बसल्यात.

माझ्याकडे सध्या एक निवृत्त भूमितीचे मास्तर शिकायला येतात. बायको गेली, तिची गाडी दारात उभी, म्हणून ह्या वयात शिकताहेत. सांगितल्याशिवाय काही करत नाहीत. गेल्या आठवड्यात तलावाला वळसा घालून परत यायचं ठरलं होतं. चौकात मी म्हटलं, "सरळ घ्या." एवढं म्हटलं आणि मला झोप लागली. माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, पाय त्यावर इमानाने होता, फक्त पायाची मालकीण जाग्यावर नव्हती.

जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना मोकळं रान आणि समोर नदीचा लांब पूल. तोच, ज्याच्या पलीकडे तुझ्या गावाचा रस्ता फुटतो. मास्तर दोन्ही हातांनी चाक धरून, ताठ, दुसऱ्या गिअरमध्ये. मागे मालट्रकांची ही रांग.

"मास्तर, कुठे चाललोय आपण?"

"सरळ," मास्तर म्हणाले. "तुम्ही वळा म्हणाला नाहीत."

"मग उठवायचं नाही का मला?"

रस्त्यावरून नजर न काढता ते म्हणाले, "आमची ही चालवायची तेव्हा मी असाच झोपायचो, बाई. तिनं कधी उठवलं नाही."

मी गाडी कडेला घ्यायला लावली आणि पुलाकडे बघत बसले. तुला सांगितलं नव्हतं, पण ते रेडिएशनचं यंत्र सुरू व्हायच्या आधी सगळे खोलीबाहेर जातात, जाड दार लागतं, आणि भिंतीतून आवाज येतो, श्वास घ्या, धरून ठेवा. (छाती फुगली की हृदय जरा बाजूला सरकतं, त्याला झळ लागू नये म्हणून.) काहीतरी चांगलं आठवा, असंही सांगतात. मी रोज तुझं स्वयंपाकघर आठवायचे. तू ओट्याकडे तोंड करून उभी, मी मागे खुर्चीत. आता तू वळून बघणार, एवढ्यात आवाज यायचा, सोडा. एकदाही तू वळली नाहीस, ताई.

मग आम्ही परत फिरलो. मास्तरांना गाडी उलटी फिरवणं माहीत नसल्याने त्याला बराच वेळ लागला, आणि मालट्रकवाल्यांनी मला जे शब्द ऐकवले ते पत्रात बसणारे नाहीत. डॉक्टरीणबाईही रागावल्या, पूर्ण झोप झाल्याशिवाय गाडीत पाय ठेवू नका म्हणाल्या. ते मी पाळतेय.

तर तू यायच्या भानगडीत पडू नकोस, तुला प्रवास झेपणार नाही. मीही एवढ्यात येत नाही. काळजी नसावी.

तुझी धाकटी

ता. क. ह्यांच्याशी बोलशील तेव्हा पुलाचा विषय काढू नकोस. आम्ही तलावापर्यंत गेलो होतो.

पुन्हा ता. क. येत्या रविवारी मास्तरांना लांबचा धडा हवाय, आणि तो रस्ता आता त्यांना येतो. फाटकातून नीट आत घेणं मात्र अजून जमत नाही, तेव्हा फाटक सताड उघडं ठेव आणि कुंड्या बाजूला करून घे (तू उचलू नकोस). मिठी मारशील ती उजव्या बाजूनं मार.