कपिलेची भोवरकडी

प्रिय गोरख,

रविवारी तुझा फोन आला. जेवलीस का, असं तू विचारलंस, मी हो म्हटलं आणि आपलं बोलणं संपलं. तीन वर्षं हे असंच चाललंय. खरं तर त्या दिवशी मला विचारायचं होतं की वीस फूट पाण्यात होडी उभी करायची तर नांगराचा दोर किती सोडावा. पण आबा ओट्यावर बसले होते. मग मी सोनबाला गाठलं. तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "पाण्याच्या पाचपट तरी पायजे, वैनी. पर तुमाला कशाला? भाकरी थापायच्या का होडी हाकायची?" मी म्हटलं, दोन्ही.

मंगळवारी भोरला गेले. आठ वाजताच्या एसटीत शेजारची जागा रिकामी होती, तिथं पिशवी ठेवली. तू लहान होतास तेव्हा खिडकीसाठी भांडायचास. आता खिडकीही माझीच आणि जागाही माझीच. बाजारपेठेत लोखंडाच्या दुकानात मी दीड तास बसले, तुला हसू येईल. आधी साखळी बघितली. पातळ साखळी उचलायला हलकी होती, मला ती घरी आणायलाही सोपी पडली असती. पण साखळीचं वजनच नांगराला तळाशी आडवं धरून ठेवतं, हे सोनबानं बजावून सांगितलं होतं. म्हणून आठ एमएमची घेतली, जस्ताचा मुलामा असलेली. एकेक कडी बोटांतून सरकवत मोजली, जपमाळ ओढते तशी. मोजताना नामही घेतलं.

दोराच्या वेळी दुकानदारानं पिवळा चकचकीत दोर पुढं केला. तो मला माहीत आहे. परड्यात कपडे वाळत घालायला तोच बांधलाय, दोन उन्हाळ्यांत त्याचा भुसा झाला. शिवाय तो पाण्यावर तरंगतो आणि इंजिनाच्या पंख्यात गुंततो. मी पांढरा नायलॉनचा घेतला. ताण आला की तो थोडा लांबतो आणि झटका सोसतो. दुकानदारानं विचारलं, होडी केवढी आहे काकू? सहा माणसांची आहे म्हटलं, वर ताडपत्रीचं छप्पर आहे, शनिवार-रविवारी राजगडाला आलेली माणसं धरणात फेरी मारायला बसतात. असं सगळं आहे-आहेच म्हणाले. होती म्हणायला जीभ वळली नाही.

राहिली भोवरकडी. वारा फिरला की होडी नांगराभोवती फिरते आणि दोराला पीळ बसतो, म्हणून साखळी आणि दोर यांच्यामध्ये ही फिरती कडी लागते. मला ते लगेच कळलं, आपल्या कपिलेच्या साखळीत तीच होती. गाय खुंट्याभोवती कितीही फिरली तरी गळ्याला पीळ बसायचा नाही. दुकानातल्या कडीवर ती किती भार सोसते ते कोरलेलं होतं. ती साखळीपेक्षा कमजोर नाही ना, हे मी तीनदा विचारलं. तो वैतागला. "काकू, एवढं तर बोटवाले पण विचारत न्हाईत." मी पैसे मोजून दिले.

येताना शेजारच्या जागेवर साखळी होती.

घरात आता फार शांतता आहे, गोरख. सतरा दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, पाणी स्वतः घ्यायचे. संध्याकाळी भैरवनाथाला दिवा लावून येते, तेव्हा देवाशी थोडं बोलते, तेवढंच. ते का बोलत नव्हते हे तुला कळायला हवं.

यंदा धरणाचं पाणी फार खाली गेलं. आपलं भाताचं खालचं खाचर उघडं पडलं, बांधासकट. तू होडी तिथंच उभी करायचास, आपल्याच शेतावर, आठवतं? आबा रोज ते बघायला जायचे. एके दिवशी बांधाच्या दगडांत अडकलेला आपल्या होडीचा जुना नांगर त्यांना सापडला. साखळीच्या शेवटी भोवरकडीचा अर्धा भाग होता. आबांनी तो घासला आणि ओळखला, कारण कपिलेसाठी त्यांनीच ती कडी लोहाराकडून घडवून घेतली होती. तो तुकडा उंबऱ्यावर आपटून म्हणाले, "बघ तुझ्या लेकाचं. नवी कडी आणतो म्हणून पैसं घेतलं आन् गाईची जुनी अडकवली. गाठ तर मारता येत न्हाईच, वर हे."

त्या वेळी पैसे तू मला दिले होतेस, गोरख. बाजाराला जातेस तर भोरहून चांगली भोवरकडी आण म्हणाला होतास. मी दुकानात गेलेच नाही. कपिला जाऊन वर्ष झालं होतं, तिची कडी गोठ्यात टांगलेली होती. बारा वर्षांत ती गाय एकदाही सुटली नव्हती. मी कडी चिंचेनं घासली, देवळाच्या जाळीचा उरलेला चंदेरी रंग लावला, भैरवनाथापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि नवी आणली म्हणून तुझ्या हातात दिली. देवाचं नाव मी घेतलं, पण खरा होता तो माझा चिक्कूपणा.

श्रावणातल्या त्या दुपारी होडी सुटून धरणाच्या दगडांवर आदळली, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी पोचले होते. दोराला तुझी गाठ होती तशीच घट्ट होती. तिच्यात कडीचा वरचा अर्धा भाग होता, मधली खीळ झिजून निसटलेली. मला आबांची भीती वाटली. दातांनी ओढून ती गाठ मी सोडवली आणि तुकडा पदराखाली घेतला. मग सगळ्यांनी दोराचं मोकळं टोक बघितलं, तूही बघितलंस. आबा तुला नको ते बोलले. तू एक शब्द उलट बोलला नाहीस, कारण गाठ आपलीच सुटली असं तुलाही वाटलं. आज तू तारकर्लीला होड्यांच्या धंद्यात आहेस, पण टेबलावर बसून तिकिटं फाडतोस, दोराला हात लावत नाहीस. हे तू मला एकदा फोनवर सांगितलं होतंस आणि मी बरं म्हटलं होतं.

तो तुकडा तीन वर्षं देव्हाऱ्यामागं होता. त्या दिवशी मी तो काढला आणि उंबऱ्यावरच्या तुकड्याशेजारी ठेवला. दोन्ही जुळले. सगळं सांगितलं. आबा उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते आंब्याखाली उपडी पडलेल्या होडीला फळ्या ठोकताहेत. मी आणलेली साखळी काल त्यांनी कडी-कडी तपासली, भोवरकडी बोटावर फिरवून बघितली, दोर ओढून बघितला. मग सतरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं, "गाठ कोण मारनार?"

तुझी गाठ सुटली नव्हती, गोरख, ती मी सोडली, हे तुला कळावं म्हणून लिहायला बसले. मिरगाच्या आत होडी पाण्यात जाईल. आबांच्या प्रश्नाचं उत्तर तूच येऊन दे. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

तुझीच,
आई