दुसरी बशी

शनिवार, संध्याकाळ

मी वसंत काशिनाथ चौधरी, बी.कॉम., सुनंदाचा बाप. राग निवण्यापूर्वी लिहून ठेवतो. पेशीला आतून आधार देणारे प्रथिनांचे धागे औषधाने मोडले की माशाचे अंडे विभागले जात नाही, हे तिला प्रबंधात दाखवायचे आहे. पण तुलनेसाठी ठेवलेल्या बिनऔषधाच्या दुसऱ्या बशीतली अंडीही थांबली. बहुधा नळाच्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरने. मार्गदर्शक महाशयांनी ती बशी मोरीत ओतून निष्कर्ष लिहायला सांगितला! वर मला म्हणतात, "चौधरी भाऊ, कॉमर्सवाल्यांनी मासे खावेत, शिकवू नयेत."

निर्लज्ज! दुसऱ्या बशीवाचून पहिलीला अर्थ काय? प्रयोग पुन्हा केला तर पदवी लांबेल, हे मला कळत नाही? लांबू दे.

सुनंदा म्हणाली, "आबा, विहिरीचं पाणी आणून दोन्ही बश्या पुन्हा मांडते."

"मांड. आणि मोरीजवळ उभी राहा."

व. का. चौधरी
धुळे, १२ ऑगस्ट १९८९