चार वाजता सुटणारी ऑपरेटर

सेक्टर ६, भिलाई
३ सप्टेंबर १९९१

प्रिय रमा,

तुझं पत्र गेल्या गुरुवारी मिळालं. उत्तर आई लिहील म्हणून वाट बघू नकोस. ती स्वतःबद्दल एक ओळ लिहायची नाही, आणि माझ्या पोटात ही गोष्ट राहत नाही. आज नाइट शिफ्ट आहे, दुपार मोकळी, म्हणून बसलो.

रसमड्याला आईच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, हे तुला ठाऊकच आहे. त्या खोलीत चपला काढून जावं लागतं, देवघरात गेल्यासारखं. शिकायला पाठवले पुरुष, ऑपरेटरची ग्रेडही त्यांनाच. आई विचारून विचारून शिकली. वर्षभर अख्ख्या कारखान्याचा पगार तीच मशीनवर चढवते, पण टायपिस्टच्या पगारात. का, तर ती चारला घरी जाते. पूर्वी तुझी शाळा होती म्हणून जायची, आता आजीचं आजारपण आहे म्हणून. सकाळी सगळ्यांच्या आधी येते, ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आता आपल्या मंडळाच्या नाटकाचं ऐक. गणपतीच्या तालमी चालू आहेत, मी नेहमीचाच प्रॉम्प्टर. राजा झालेत आईचे साहेब, अरुणकुमार देशकर. त्यांच्याच ऑफिसातला एक ऑपरेटर सेनापती आहे. महिनाभर दोघे साडेतीनलाच स्कूटर काढतात. त्यांची ग्रेड कुठे अडली नाही.

शुक्रवारी साहेबांनी आईला बोलावलं. ग्रेड हवी तर सहापर्यंत थांबा, नाहीतर चारला जा आणि टायपिस्टच राहा, म्हणाले. तुझी आई, जी दुकानात भाव करायलाही मला पुढे करते, ती म्हणाली, "साहेब, तुमी राजा बनाले साडेतीनले जाता, तरी साहेबच राहता. मंग मी चारले गेली तं ऑपरेटर कावून नाही? मले दोन्ही पाह्यजे."

काल ऑर्डर निघाली: ग्रेड ऑपरेटरची, वेळ आठ ते चार. मला हे सगळं सेनापतीने तालमीत सांगितलं. ऐकून मी इतका फुगलो की प्रॉम्प्ट करायचंच विसरलो, राजा बिचारा तोंड उघडं टाकून उभा. येताना सिविक सेंटरहून पेढे घेतले. आई म्हणाली, एवढे कावून आणले?

तू लिहिलं होतंस, बाळासाठी लवकर घरी जायची सवलत मिळते आहे, पण खालच्या ग्रेडवर, आणि येत्या सोमवारी तू सही करणार आहेस. खाली लिहिलंस, आईनेही जन्मभर असंच चालवून घेतलं ना. ते वाक्य आईने दोनदा वाचलं आणि पत्र उशाखाली ठेवलं. दुसऱ्याच दिवशी ती साहेबांपुढे बोलली. पोरी, मी इतकी वर्षं लोकांना त्यांची ओळ सांगत आलो. तुझी ओळ आईने आधीच म्हणून दाखवली आहे. सही करण्याआधी तेवढी म्हण.

तुझाच, विंगेत उभा असलेला,
बाबा