पाच चांदीची बटणं

२६ जून, सोमवार
वही सुरू. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं. उजवा हात प्लायवुडच्या कारखान्यात प्रेसखाली सापडला त्याला नऊ महिने झाले. अंगठा आणि दोन बोटं वाकत नाहीत. आता मेडिकल बोर्ड बसणार आणि हात किती टक्के गेला ते ठरवणार. विसाच्या वर गेला की जन्मभर पेन्शन. मी पंचवीस धरून चाललोय. कमीत कमी.

३० जून
कॉफीच्या दुकानात वेलू भेटला. कारखान्यात माझ्याच लाइनवरचा. त्याला बोर्डाने बावीस दिले. बोर्डात पहिला आल्यासारखा सांगत होता. वर मलाच अक्कल शिकवतो की मानदादा, तिथे फुशारकी मारू नकोस, विचारतील तेवढं खरं सांग. मी कधी मारतो फुशारकी? अख्ख्या तायपिंग गावात माझ्याएवढा साधा माणूस नाही. वेलूशी बोलणं बंद.

६ जुलै, सकाळ
निश्चय: आजपासून सगळं स्वतः करायचं. बायको, रोकिया, उठसूट मदतीला धावते, म्हणून हात आळशी झालाय. शर्टाची बटणं लावायला घेतली. वीस मिनिटं झाली. मग रोकिया आली, दार लोटलं, लावून गेली. मी लावणारच होतो.

निश्चय उद्यापासून.

१३ जुलै
उद्या बोर्ड. वेलू म्हणे जुना टी-शर्ट घालून गेला होता. मी काय भिकारी आहे? शुक्रवार आहे, तिथूनच मशिदीत जायचंय. रेशमी बाजू मलायू, म्हणजे आपला सणाचा सदरा-पायजमा, घालणार, त्यावर वडिलांची चांदीची बटणं. पाच. प्रत्येक सुटं, काजातून घालून मागून फिरकी आवळायची. रोकिया म्हणाली, अहो, हात दाखवायला चाललाय की लग्नाला? हिला काय कळतं.

१४ जुलै, शुक्रवार, दुपारी ३
झालं बोर्ड. तीन डॉक्टर, तिघेही माझ्या मुलाच्या वयाचे. मूठ वळवा म्हणाले. वळली नाही. सुई टोचली. लागली नाही. झकास चाललं होतं. मग मधली डॉक्टरीण म्हणाली, काका, बटणं सुंदर आहेत, कोणी लावून दिली? आता तीन परक्या माणसांसमोर, त्यात एक बाई, सांगायचं की मला बायको कपडे घालते? म्हणालो, मीच लावली. रोज मीच लावतो. तिने लगेच लिहून घेतलं. छाप पडली हे नक्की.

रोकिया दाराशी बाकावर बसली होती. तिला ऐकू गेलं असावं. येताना गाडी चालवताना एकही खड्डा चुकवला नाही. उन्हाने असेल.

४ ऑगस्ट
सहा.

सहा टक्के! शेरा असा: बारीक बटणं स्वतः लावतात. चोर लेकाचे! गोड बोलून माणसाचा गळा कापतात. अपील करणार. फॉर्मवर कारण मागतात. लिहिणार की डॉक्टरीण आकसाने वागली. रोकिया म्हणाली, खरं काय ते लिहा. मी म्हणालो, तू मध्ये पडू नकोस, मला कोणाची गरज नाही. ती म्हणाली, बरं.

११ ऑगस्ट, शुक्रवार, दुपारी १
मशिदीत जायचंय आणि ही बटणं लावायला येत नाही. स्वयंपाकघरातूनच म्हणाली, तुम्हाला येतं असं तीन डॉक्टरांनी लिहून दिलंय, त्यांच्यापुढे मी कोण अडाणी! एकतीस वर्षांच्या संसाराचं हे फळ. पाऊण तास झाला. एक लागलं. दुसरं कपाटाखाली गेलं.

बांग झाली.

२.३०
गेलो नाही. टेबलावर अपीलचा फॉर्म होता. कारणाच्या रकान्यात रोकियाचं अक्षर: बटणं बायको लावते. पहिल्या दिवसापासून. फाडणार होतो. एका हाताने फाटेना.

सही तेवढी बाकी. जुन्या सहीशी जुळायला हवी, म्हणजे उजव्या हाताची. पेन तीनदा पडलं. हाक मारली. आली नाही. पुन्हा मारली, जरा नीट. मग आली. पेन बोटांत बसवलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि सही करून घेतली.

फार घट्ट धरते ही बाई.