हातात फूल नव्हतं

बाई, लक्सरच्या थडग्यावरचं आमचं पुस्तक छापून आलं. दोन्ही हातांनी उचलावं लागतं, एवढं जड आहे. सुटीत गावी घेऊन आले, तर आई म्हणाली, "आधी देवापुढं ठेव." ठेवलं, आणि वाटलं, हे तुमच्यापुढं ठेवायला हवं होतं. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही, म्हणून लिहिते आहे. इजिप्तमध्ये लक्सरला, नाईलच्या पश्चिमेला डोंगरात पुजाऱ्यांची, अधिकाऱ्यांची थडगी खोदलेली आहेत. आत भिंतीभर कोरीव चित्रं असतात: देवाची पूजा, मेलेल्या माणसापुढं मांडलेलं अन्न, गाणारे, नाचणारे. ती चित्रं भिंतीवरून जशीच्या तशी कागदावर उतरवायची, हे माझं काम. आमच्या रेषांवर विसंबून अभ्यासक मग त्या पूजेचे आणि माणसांचे अर्थ लावतात.

आखाडा बाळापूरच्या शाळेत इजिप्तचं नाव पहिल्यांदा तुमच्याच तासाला निघालं, आठवतं? इतिहासाच्या पुस्तकातल्या एका चित्रावरून पोरं हसत होती. तोंड एकीकडं, छाती दुसरीकडं, डोळा समोर. तुम्ही पुस्तक हातात घेतलंत आणि म्हणालात, "त्यांना येत नव्हतं असं वाटतं का? नाक बाजूनं नीट दिसतं, डोळा समोरून नीट दिसतो. मेल्यावर माणसाला सगळं धड लागतं, म्हणून जे जसं नीट दिसतं तसं काढलंय." पुढं मी हे मोठमोठ्या ग्रंथांत वाचलं. तिथं शब्द पुष्कळ होते, पण मला आधीच कळलेलं होतं.

आणि औंढ्याची सहल. देवळाच्या बाहेरच्या भिंतीपाशी तुम्ही आम्हाला कागद देऊन बसवलं आहे. माझ्यासमोर एक बाईची मूर्ती, उजवा हात कोपरापासून तुटलेला. मी सगळी मूर्ती काढते, आणि शेवटी एक सुरेख हात काढते, बोटात कमळाची कळी. मैत्रिणी बघायला गोळा झाल्या आहेत. तुम्ही मागून येता. "हा हात कुणाचा?" मी म्हणते, "तिचाच, बाई." "तिचा तर तुटलाय. हा तुझा हाय. काहून काढला?" मी पेन्सिल खाली ठेवते. तुम्ही म्हणता, "भिंतीवर हाय तेवढंच काढ. न्हाई ते काढायचं असंल तर वेगळा कागद घे." सगळ्यांसमोर मी तो हात खोडते. मग तुम्ही बांगड्यांच्या दुकानातून एक लहान आरसा मागून आणता आणि उन्हाची तिरीप बाजूनं भिंतीवर टाकता. जिथं सपाट दगड दिसत होता तिथं वस्त्राच्या चुण्या उठून येतात. "समोरून उजेड पडला की दगड गप बसतो," तुम्ही म्हणता, "बाजूनं पाड, मंग बोलतो."

बारावीनंतर तुम्ही घरी आलात. बाबांनी माझं पुढचं शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं. तुम्ही सरळ स्वयंपाकघरात चुलीजवळ बसलात, आईच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्लात आणि पाणी पिऊन विषय काढलात. बाबा दारातून म्हणाले, "चित्रं काढून कुणाचं भलं झालंय, बाई?" तुम्ही म्हणालात, "हळद जमिनीतून काढली म्हणजे झालं का? उकडावी लागते, वाळवावी लागते. काढून तशीच ढीग मारून ठेवली तर काय होतं?" बाबा म्हणाले, "सडते." "मंग पोरीचं तेच करून राहिले तुमी." बाबा कधी नव्हे ते हसले. "तुमी वकील व्हायला पायजे होतं," म्हणाले, आणि जूनमध्ये स्वतः माझी पेटी घेऊन एसटीत बसवायला आले.

आता लक्सरचं सांगते. थडग्यांची चित्रं उतरवणाऱ्या गटात माझं ते पहिलंच वर्ष होतं. काम पटलं नाही तर पुढच्या हिवाळ्यात बोलावणार नव्हते. मला मिळालेल्या भिंतीवर एक पुजारी आणि त्याची बायको होती. नंतरच्या काळात कुणीतरी छिन्नीनं बायकोचं तोंड, हात आणि बाजूची अक्षरं फोडलेली. वर चुलींची काजळी, कारण थडग्यात पुढं माणसं राहत होती. या भिंतीचं एक जुनं छापील चित्र होतं, नावाजलेल्या अभ्यासकानं केलेलं. त्यात बायकोच्या हातात कमळ होतं, तेही सलग रेषेनं काढलेलं, म्हणजे भिंतीवर दिसलेलं; अंदाजानं काढलेलं तुटक रेषेनं दाखवतात. सगळ्यांनी ते खरं धरलं होतं. सगळीकडं तिचा उल्लेख एवढाच: पत्नी, हातात फूल.

मी दिवा बाजूला, भिंतीला टेकवून धरला. मुठीच्या खाली देठ नव्हता. जाड, सरळ दांडा होता, आणि काजळीत वर एका कमानीची कड, त्यातून आडव्या गेलेल्या तारांची टोकं. असलं वाद्य देवळातल्या गाणाऱ्या बायका देवापुढं खुळखुळ्यासारखं वाजवत. दिसलं तेवढंच मी कागदावर उतरवलं.

आमच्या प्रमुख बाई वयानं मोठ्या, स्वभावानं कडक. त्या म्हणाल्या, "तो माणूस या भिंतीसमोर महिनोन्‌महिने बसला होता. तू आत्ता आलीस." मी म्हणाले, "मी काही जोडलेलं नाही. भिंतीवर आहे तेवढंच काढलंय." त्यांनी माझं चित्र फाइलीत ठेवलं आणि दुसऱ्या एका जुन्या, मुरलेल्या चित्रकाराला तोच तुकडा काढायला बसवलं. माझं चित्र त्याला दाखवलं नाही. मी पलीकडच्या भिंतीवर काम करत होते, पण माझं सगळं लक्ष त्याच्या पाठीकडं. त्याचं झाल्यावर त्यांनी दोन्ही कागद उजेडात एकावर एक धरले. दांडा दांड्यावर बसला, कमान कमानीवर. मग त्यांनी फुटलेल्या अक्षरांवर तसाच दिवा धरायला लावला, आणि उरलेल्या खुणा जुळवत सावकाश वाचलं: अमूनची गायिका. अमून म्हणजे तिथला मोठा देव. "ती नुसती बायको नव्हती," त्या म्हणाल्या, "तिला स्वतःचं काम होतं." आणि माझ्याकडं वळून, "या पानाखाली तुझं नाव जाईल."

ते पान मी परवा घरी उघडून दाखवलं. बाबांनी चष्मा लावून माझ्या नावावर बोट फिरवलं. आईनं मात्र त्या बाईकडंच बघितलं. "हिच्या हातात काय हाय?" मी सांगितलं. "म्हंजे देवळात आरतीला वाजवायची म्हण की. आन्‌ लोकं म्हणत होती फूल धरून उभी राहिली!" आई खरोखर चिडली होती, एवढ्या जुन्या काळच्या बाईसाठी. शेजारणी आल्या की अजून ती तेच पान उघडून दाखवते आणि माझ्याआधी त्या बाईची गोष्ट सांगते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट इथं लिहून टाकते. त्या दिवशी थडग्यातून बाहेर आल्यावर सगळे अभिनंदन करत होते, आणि मी मान खाली घालून म्हणत होते, "माझं काय त्यात, भिंतीवर होतंच ते." तसं म्हणायची रीत असते. पण मनात मी ते म्हणत नव्हते, बाई. केवढी शिकलेली माणसं त्या भिंतीसमोरून गेली होती, आणि दिसलं मला.